सायगावचं मीठ

गुणाजीराव घरतांना परदेशी जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर जे जे घडलं, त्याचा सगळा दोष त्यांनी याच एका गोष्टीवर ढकलला. "मी पयल्यापासून नको म्हणत व्हतो," हे त्यांचं वाक्य रोह्यापासून पेणपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी ऐकलेलं आहे. काहींनी दोनदा.

हौस होती ती त्यांच्या मुलीला. नमिता पुण्याला नोकरी करते. दिवाळीत ती रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावी घरी आली आणि फराळाच्या ताटावर बसूनच तिने जाहीर केलं, "फेब्रुवारीत आपण तिघं व्हिएतनामला जातोय. सहा दिवस. तिकिटं मी काढणार."

गुणाजीरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण चकली तोंडात होती. तेवढ्यात हौसाबाई "व्हय" म्हणून मोकळ्या झाल्या. इतक्या पटकन, की गुणाजीरावांना संशयच आला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि या बाईने अष्टमीचा पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जायचं तरी आधी तीनदा विचार केला होता.

आता, माणूस व्हिएतनामला जायचा तर आधी पासपोर्ट हवा. पासपोर्टला जन्माचा दाखला हवा. आणि हौसाबाईंचा जन्म पेणजवळच्या गडब गावाच्या पलीकडे खाडीकाठच्या एका वस्तीत झालेला, जिथे त्या काळी जन्म व्हायचे, दाखले व्हायचे नाहीत. शाळेचा दाखला निघाला. त्यात जन्मतारीख एक जून होती, कारण गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. त्याची हरकत नव्हती. हरकत नावाची होती. शाळेच्या दाखल्यावर "हौशी जनू कडू", रेशनकार्डावर "हौसाबाई", आधारवर "हौसा गुणाजी घरत" आणि बँकेच्या पासबुकावर, कुणाच्या कृपेने कोण जाणे, "हवसा". खिडकीवरच्या बाईंनी चारही कागद ओळीत मांडले आणि शांतपणे विचारलं, "यातल्या जाणार कोण?"

प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आलं. गुणाजीराव म्हणायचे, लग्नात सुद्धा हिच्या नावाची एवढी चौकशी मी केली नव्हती.

मग पोलिसांची पडताळणी. हवालदार आले तेव्हा साक्षीदार म्हणून समोरचे केरूभाऊ हजर होते. केरूभाऊंचं रंगाचं दुकान. एका रंगाच्या कंपनीने दुकानदारांना चार दिवस बँकॉकला नेलं होतं, त्यात ते होते. तेव्हापासून उरणच्या पूर्वेला जेवढे म्हणून देश आहेत, त्या सगळ्यांवर अष्टमीत त्यांचाच शब्द शेवटचा. हवालदारांनी कागद भरले, सह्या घेतल्या आणि चहा यायचा होता म्हणून सहज विचारलं, "बाईंचे वडील काय करायचे?"

हा प्रश्न फॉर्मात नव्हता. तरी गुणाजीरावांनी उत्तर दिलं, "मिठाचा व्यापार."

"मोठा," केरूभाऊंनी साक्षीदार म्हणून भर घातली. "दोन ट्रक व्हते त्यांचे."

आत स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज झाला.

इथे थोडं थांबून खरं काय ते सांगायला हवं. हौसाबाईंचे वडील जनू कडू मिठागरावर मजूर होते. हौसाबाईही दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्याच मिठागरावर राबल्या. गुणाजीराव तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरला नवीन लागले होते. बाकीच्यांचे सासरे कुणी तलाठी, कुणी हेडमास्तर. डबा खाताना कुणीतरी विचारलं, तुझा सासरा काय करतो? "मिठाचं काम," गुणाजी म्हणाले. ऐकणाऱ्याने त्याचा व्यापार केला. गुणाजींनी तो दुरुस्त केला नाही. एवढंच त्यांचं पाप. पुढे तो व्यापार आपोआप वाढत गेला आणि अष्टमीत घर बांधेपर्यंत जनू कडूंच्या दारात दोन ट्रक उभे राहिले. जनू कडू बिचारे आयुष्यभर एसटीने फिरले. हौसाबाई या विषयावर शेजाऱ्यांत कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त विषय निघाला की घरात एखादं भांडं पडायचं.

पासपोर्ट आले. व्हिसाचा फॉर्म मात्र गुणाजीरावांनी स्वतः भरायचं ठरवलं. पेणला अमोलचं फॉर्म भरायचं दुकान आहे, अमोल नमिताच्या वर्गातला, तो फुकट भरून देतो म्हणत होता. पण एकतीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला दुसऱ्याने भरलेला फॉर्म बघवत नाही. त्यांनी आधी स्वतःचा भरला आणि मग वेळ वाचवण्यासाठी त्याच्यातच नाव आणि नंबर बदलून बायकोचा. आठ दिवसांनी दोन्ही व्हिसा आले. व्हिएतनाम सरकारच्या कागदोपत्री घरतांच्या घरातून दोन पुरुष येणार होते.

अमोलने तो कागद दुकानात तीन गिऱ्हाइकांना दाखवला आणि मग दोघांचेही फॉर्म नव्याने भरले. "काका, फोटो पण नवीन लागंल. तुमचा पण. चष्मा काढून," तो म्हणाला. चष्म्याशिवाय गुणाजीरावांचा फोटो असा आला, की जणू कंपनीतली चोरी आत्ताच सापडली आणि माल यांच्याच घरी निघाला. तो फोटो अजून फाईलमध्ये आहे. ते कुणाला दाखवत नाहीत.

हे सगळं सुरळीत झाल्यावर, निघायच्या आठ दिवस आधी, नमिताचा फोन आला. तिच्या कंपनीत ऐन वेळी काम निघालं, रजा रद्द. "तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "हॉटेल, गाड्या सगळं बुक आहे. फक्त पासपोर्ट जपा आणि मिळेल ते खा. बीफ-पोर्क नको असं तिकडच्या भाषेत लिहून मी आईच्या मोबाईलवर पाठवलंय, दाखवलं की झालं."

पासपोर्ट जपा, मिळेल ते खा. खरं म्हणजे एवढा सल्ला पुरेसा होता. पण इतक्या कमी शब्दांतल्या सूचनेवर गुणाजीरावांचा विश्वास बसेना. ते वही घेऊन समोर केरूभाऊंच्या दुकानात जाऊन बसले.

"कुठं उतरणार?" केरूभाऊंनी विचारलं.

"सायगाव."

"सायगाव ता श्रीवर्धनकडं नाय का?"

"ता वेगळा. हे सायगॉन."

"हां, मग लिवा," केरूभाऊ म्हणाले. "तिकडं जेवायचा काय खरा नाय. चालतंय, उडतंय, सरपटतंय ता सगळा खातात. रस्त्यावर तर हात लावू नका. बर्फ नको. पासपोर्ट कंबरेच्या पाकिटात, झोपताना पण. आणि रस्ता क्रॉस करायचा नाय."

"सहा दिवस?"

"मी चार दिवस नाय केला."

प्रतिक्षाताई, म्हणजे मागच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी सुंठ, ओवा आणि जुलाबाच्या गोळ्यांची यादी दिली. गुणाजीरावांचा मेव्हणा शिवा गडबहून मुद्दाम येऊन सांगून गेला, की तांदळाचं पीठ न्या, तिकडं भात नसतो. व्हिएतनामात भात नसतो हे ऐकून नमिता फोनवर इतकी हसली, की तिला खोकला लागला.

वही भरत गेली आणि बॅगही. तांदळाचं पीठ, पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंड, आंब्याचं लोणचं, जवळ्याची चटणी, भाजलेल्या बारीक कोळंबीचा, म्हणजे सुक्या जवळ्याचा, वेगळा पुडा, मेतकूट, आणि प्रतिक्षाताईंचे डिंकाचे लाडू. हौसाबाई बॅग भरताना एकदाच म्हणाल्या, "अवो, तिकडं माणसां जेवत असतील ना?" त्यावर गुणाजीरावांनी वहीचं चौथं पान, केरूभाऊंनी सांगितलेल्या तिकडच्या जेवणाचं, काढून दाखवलं. बॅग भाताच्या गिरणीतल्या काट्यावर ठेवली, तर सत्तावीस किलो. चार किलो कपडे होते ते काढले.

सायगॉनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने नेमकी तीच बॅग उघडायला लावली. सुक्या जवळ्याची पिशवी त्याने नाकाशी नेली. गुणाजीरावांनी वही छातीशी धरली. त्याने दुसऱ्या एकाला हाक मारली. दोघांनी वास घेतला. दोघं आपसात काहीतरी बोलले आणि पहिल्याचा चेहरा एकदम खुलला. हौसाबाईंनी तो चेहरा बघितला, पिशवीत हात घातला आणि मूठभर जवळा काढून त्याच्यापुढे धरला.

"अगो, लाच देतेस?" गुणाजीराव कुजबुजले.

"चव देते," हौसाबाई म्हणाल्या.

त्या माणसाने हसून हात जोडले, घेतलं नाही, आणि बॅग बंद करून पुढे ढकलली. गुणाजीरावांनी त्याच जागी, उभ्या उभ्या वहीत लिहिलं: "कस्टम कडक."

पहिल्या दिवशी ते हॉटेलातून बाहेर पडलेच नाहीत. दाराबाहेरच रस्ता होता, आणि रस्त्यावर मोटरसायकली. नुसत्या होत्या म्हणून चालणार नाही. पुराच्या वेळी कुंडलिका नदीचं पाणी जसं पुलाखालून जातं तशा त्या जात होत्या, खंड न पडता. गुणाजीराव काठावर वीस मिनिटं उभे राहिले आणि परत खोलीत आले. जेवायला लोणचं होतं, लाडू होते आणि पापड होते. पापड कच्चे होते.

आता हे जे झालं त्याबद्दल गुणाजीरावांचं म्हणणं असं, की इस्त्री खोलीत ठेवलीच नसती तर प्रश्नच आला नसता. इस्त्रीची चकती 'कॉटन'वर फिरवून त्यांनी टॉवेलवर पोह्याचा पापड ठेवला आणि वरून दाबला. पहिला चांगला भाजला. दुसऱ्याच्या वेळी छताला लावलेल्या, धूर हुंगणाऱ्या पांढऱ्या डबीने किंचाळायला सुरुवात केली. दोन मिनिटांत सहाव्या मजल्यावरचे सगळे पाहुणे जिन्यात. त्यात एक गोरी बाई अंगाला नुसता पंचा गुंडाळून, आणि मध्ये गुणाजीराव, हातात अर्धा भाजलेला पापड घेऊन. मॅनेजर आला. त्याने पापडाकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि इस्त्री घेऊन गेला. तो ओरडला असता तर गुणाजीरावांना एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघतात तर खोलीत हौसाबाई नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर त्या रस्त्याच्या काठावर उभ्या. गुणाजीरावांनी काचेवर हात आपटला. हौसाबाईंनी पदर खोचला, पाऊल टाकलं आणि एकाच संथ चालीने चालत राहिल्या. थांबल्या नाहीत, धावल्या नाहीत, मागे बघितलं नाही. मोटरसायकली त्यांच्या दोन्ही बाजूंनी वळून गेल्या. पलीकडे जाऊन त्या खाण्याच्या एका हातगाडीपाशी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या.

गुणाजीराव पोचेपर्यंत, आणि ते कसे पोचले ते विचारू नका, एका शाळकरी मुलीने हात धरून आणलं, हौसाबाईंचं अर्धं जेवण झालं होतं.

"हे बगा, घावन," त्या म्हणाल्या. "तांदळाचाच हाय. हळद घातलेली. मधी कोळंबी. त्या बाईला मोबाईल दाखवला, तिनं डुक्कर बाजूला काढला. हा पाला गुंडाळायचा आणि ह्या पाण्यात बुडवायचा."

"त्या पाण्याला वास येतोय."

"मासळीचा हाय. मिठात मुरवलेल्या. मीठ चांगला हाय."

गुणाजीरावांनी वहीतलं चौथं पान आठवलं आणि खिशातला लाडू खाल्ला. पुढचे दोन दिवस असेच गेले. हौसाबाई स्टुलावर, गुणाजीराव शेजारी उभे. बाईंनी शेवयांचं कढण खाल्लं, केळीच्या पानातला भात खाल्ला, नारळाच्या दुधातली कसली कसली खीर खाल्ली. गाडीवरची बाई त्यांना आता लांबूनच हात करायची. गुणाजीरावांना कुणी हात करत नव्हतं. लाडू संपले.

पाचव्या दिवशी नमिताने समुद्राकडची सहल बुक केली होती. शहरापासून दोन तासांवर, तिवरांचं जंगल, माकडं, किनारा, परत. लहान बस, लान नावाची चुणचुणीत गाईड मुलगी, चार कोरियन आणि डोंबिवलीचं एक जोडपं, सबनीस. मराठी माणूस भेटल्यावर गुणाजीरावांचा चार दिवस दबलेला आवाज मोकळा झाला. कंपनी, स्टोअर, अष्टमीचं घर, सगळं सांगून झालं. बस फेरीबोटीतून खाडीपलीकडे गेली. दोन्ही बाजूंना तिवरं, चिखल, खाऱ्या पाण्याचा वास. हौसाबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"अहो, ते बघा, मीठ!" सबनीस म्हणाले.

रस्त्याच्या डावीकडे लांबपर्यंत चौकोनी वाफे आणि बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी.

"आमच्या सासऱ्यांचा हाच बिझनेस," गुणाजीराव म्हणाले. "मोठा व्यापार होता."

"गाडी थांबवा," हौसाबाई म्हणाल्या.

हे त्या मराठीत म्हणाल्या, पण ड्रायव्हरला कळलं. लानने दहा मिनिटं दिली. हौसाबाई उतरल्या, चपला काढून रस्त्यावर ठेवल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि बांधावरून सरळ आत चालू लागल्या. बांध बोटभर ओला होता, वीतभर रुंद. त्यांचं एक पाऊल सरकलं नाही.

आत एक बाई लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. वय हौसाबाईंएवढंच, डोक्यावर शंकूसारखी टोपी. हौसाबाई तिच्याजवळ उभ्या राहून दोन मिनिटं नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला. त्या बाईने फळी दिली. हौसाबाईंनी ती हातात तोलून पाहिली, वाफ्यात उतरल्या आणि ओढायला लागल्या.

"वहिनींना भलतीच सवय दिसते," सबनीस म्हणाले. "मालकीणबाई वाटत नाहीत हो."

गुणाजीरावांनी कंबरेचं पाकीट उघडून तपासलं. मीठ फळीपुढे साय जमावी तसं जमत होतं आणि बांधाला जाऊन लागत होतं. वाफ्याच्या तळाला काळं प्लास्टिक होतं. हौसाबाईंनी ते पायाने चाचपून नापसंतीने मान हलवली. शेजारच्या मोकळ्या वाफ्यात प्लास्टिक नव्हतं. तिथे जाऊन त्यांनी जमीन पायांनी कशी तुडवून घट्ट करायची ते करून दाखवलं, टाच, चवडा, टाच, चवडा, कमरेवर हात ठेवून. टोपीवाली हसत सुटली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून तीच तुडवणी करू लागली. म्हणजे तिलाही येत होती. कोरियन लोकांनी फोन बाहेर काढले.

दहा मिनिटांची वीस झाली. लान घड्याळ दाखवायला लागली. सबनीस म्हणाले, "घरतसाहेब, बोलवा आता वहिनींना." म्हणून गुणाजीराव बांधावर चढले. पायात नमिताने घेतलेले पांढरे बूट. पाचव्या पावलाला डावा बूट सरकला, उजवा त्याला सावरायला गेला आणि गुणाजीराव दाट खाऱ्या पाण्यात कमरेपर्यंत बसले. कंबरेचं पाकीट त्यांनी सकाळपासून वीस वेळा उघडून तपासलं होतं. एकविसाव्या वेळी चेन लावायची राहिली होती. दोन पासपोर्ट पाण्यावर तरंगले आणि मग हळूच बुडाले.

"पासपोर्ट!" ते ओरडले. "हौसा! पासपोर्ट!"

हौसाबाई धावल्या नाहीत. त्यांनी लांब फळी वाफ्यात टाकली, मीठ ओढतात तशीच अलगद ओढली आणि मिठाबरोबर दोन्ही पासपोर्ट बांधावर आणून ठेवले. मग फळीचं दुसरं टोक नवऱ्यापुढे धरलं.

पासपोर्ट वाळेपर्यंत हलता येणार नव्हतं. लानने बाकीच्यांना माकडं दाखवायला पुढे नेलं, परतताना तुम्हाला घेते म्हणाली. टोपीवाल्या बाईच्या झोपडीत गुणाजीरावांना तिच्या नवऱ्याची हाफ पँट मिळाली. ती आखूड होती. पासपोर्ट ताडपत्रीवर उन्हात उघडून ठेवले होते आणि गुणाजीरावांपुढे भात आला, तळलेली बारीक मासळी आली आणि ते वासाचं पाणी आलं. लाडू संपले होते. बॅग हॉटेलात होती. समोर दोन बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

त्यांनी घास घेतला. डोळे मिटले. मग उघडले.

"काय?" हौसाबाईंनी विचारलं.

"थोडा भात अजून आहे का विचार."

टोपीवालीने भांडंच पुढे सरकवलं. हौसाबाईंनी पिशवीतून जवळ्याच्या चटणीची डबी काढली. ती त्या रोज जवळ ठेवत, हे गुणाजीरावांना ठाऊक नव्हतं. टोपीवालीने बोट बुडवून चाखली आणि आत जाऊन आपल्याकडचा सुकवलेला जवळा घेऊन आली. दोघींनी एकमेकींचा जवळा हातावर घेऊन पारखला. एक शब्द एकमेकींना कळत नव्हता, पण तासभर बोलणं चाललं होतं. "हिचा बाप पण मिठाच्या आगरावरच," हौसाबाईंनी मध्येच नवऱ्याला सांगितलं. हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. पासपोर्ट वाळले होते, पण फुगून पापडासारखे झाले होते आणि पानापानावर पांढरी खरखर बसली होती. विमानतळावर देशाबाहेर जाण्याच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने गुणाजीरावांचा उघडला. टेबलावर मीठ सांडलं. त्याने बोटाने ते उचलून बघितलं. मग हौसाबाईंचा उघडला. मग हौसाबाईंचे हात बघितले. तळव्यांना ताजे फोड होते.

"यू वर्क? हिअर?" त्याने विचारलं.

"नो, नो. टुरिस्ट," गुणाजीराव म्हणाले.

मागे रांगेत सबनीस होते, त्यांचंही तेच विमान. त्यांना मदत करावीशी वाटली. "सर, बिग बिझनेस फॅमिली!" ते पुढे झुकून म्हणाले. "सॉल्ट बिझनेस! व्हेरी बिग!"

"बिझनेस?" अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. "टुरिस्ट व्हिसा. नो बिझनेस." त्याने हात वर करून साहेबाला बोलावलं. दोघांनी पासपोर्ट उलटेपालटे केले. साहेबाने काहीतरी लिहायला कागद ओढला. विमानाला तास राहिला होता. हौसाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण गोष्ट बिझनेसवर आली आहे एवढं कळलं होतं, आणि इथे पाडायला हातात भांडं नव्हतं.

 गुणाजीरावांनी एकदा मागे सबनिसांकडे बघितलं, मग काचेकडे.

"नो बिझनेस," ते म्हणाले. "लेबर. हर फादर, लेबर. सॉल्ट लेबर. शी, लेबर. इंडिया. थर्टी थ्री इयर्स बिफोर." मग मागे वळून, मराठीत, रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "व्यापार-बिपार काय नव्हता, सबनीस. मिठागरावर मजुरी करायचे. ही पण करायची. मीच आपला सांगत व्हतो लोकांना. काल हिनं मीठ ओढला ता तुम्ही बघितला. मजुरी नाय केली, हौसेनं ओढला."

सबनीस रांगेत एक पाऊल मागे सरकले. साहेब मात्र पेन खाली ठेवून हौसाबाईंकडे बघत होता. त्याने दोन्ही हात पुढे करून हवेत फळी ओढल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. हौसाबाईंनी मान हलवली. नाही. त्यांनी काचेच्या अलीकडून स्वतःचे हात दाखवले, डावा वर, उजवा खाली, अंगठे बाहेर. साहेबाने हात बदलले. हौसाबाईंनी होकार दिला. साहेब हसला आणि त्याने शिक्का मारला. शिक्का मिठावर करकरला.

दोघं आत जाऊन विमानाची वाट बघत बसले. मग हौसाबाईंनी विचारलं, "त्यांनी काय विचारला?"

"तू काय काम करतेस."

"आणि तुमी मागं वळून जोरात काय बोलला ता मना ऐकू आला."

"मग कशाला विचारतेस?"

"परत ऐकायला."

गुणाजीराव जमिनीकडे बघत म्हणाले, "केरूला पण सांगतो. गेल्या गेल्या."

"त्याला दोन ट्रक विकायला लागतील," हौसाबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या थांबेचनात. शेवटी गुणाजीरावही हसले.

विमानात खिडकीची जागा तिकिटावर हौसाबाईंची होती. येताना तिथे गुणाजीराव बसले होते. आता ते आपणहून बाजूला सरकले. विमान वर चढलं, वळलं, खाली तपकिरी खाडी आणि तिवरं दिसली आणि त्यांच्या कडेला उन्हात चमकणारे बारीक चौकोन. हौसाबाईंनी काचेवर बोट टेकलं.

"तो कोपऱ्यातला वाफा बगा. पाणी एका अंगाला जमलंय. उतार चुकवलाय मेल्यांनी."

गुणाजीराव बायकोच्या खांद्यावरून वाकले. त्यांना ढगाशिवाय काही दिसलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलाय."